दोन्ही काटे एकदम नाचले तर मीटर बदलू नका

या वेळी पत्रं भरपूर आलीत आणि त्यातली बरीचशी डॅशबोर्डच्या काट्यांबद्दल, दिव्यांबद्दल आणि वायरिंगबद्दल आहेत, पावसाळ्यात हे असं होतंच, म्हणून इंजिन-क्लचचे प्रश्न पुढच्या अंकात घेतो आणि आज सगळी जागा वायरिंगला देतो.

प्रश्न (कराडहून एक वाचक): दादा, माझ्याकडे २००६ ची मारुती ८०० आहे, वडिलांनी घेतलेली त्यामुळे विकायची नाही. दोन महिने झाले, रात्री हेडलाईट लावला की पेट्रोलचा काटा आणि टेम्परेचरचा काटा दोन्ही वर सरकतात आणि साईड दिली की त्या टिकटिकीबरोबर काटे पण हलतात. दिवसा लाईट बंद असताना सगळं व्यवस्थित. गॅरेजवाला म्हणतो मीटर गेलं, जुन्या बाजारातून अख्खा क्लस्टर (काटे-दिव्यांचा पूर्ण डबा) आणून बसवतो. बसवून घेऊ का?

उत्तर: अजिबात नको, निदान अजून तरी नको. तुमच्या पत्रातच उत्तर आहे बघा, दोन्ही काटे एकदम हलतात आणि ते पण लाईट लावल्यावरच. पेट्रोलची पातळी मोजणारा फ्लोट मागे टाकीत, टेम्परेचरचा सेन्सर पुढे इंजिनवर, दोघांच्या वायरी वेगळ्या, दोघं एकाच दिवशी एकाच वेळी बिघडतील हे होत नाही. मग या दोघांत सामाईक काय आहे ते शोधायचं, आणि सामाईक दोनच गोष्टी आहेत, क्लस्टरला चावीवरून येणारा प्लस आणि क्लस्टरचं अर्थिंग, म्हणजे बॉडीला जाणारी परतीची वायर. लाईट लावल्यावर फरक पडतो म्हणजे माझा पहिला संशय अर्थिंगवर.

होतं काय, तर करंटला जायला जसा रस्ता लागतो तसाच परत यायला पण लागतो, आणि गाडीत परतीचा रस्ता म्हणजे बॉडी. क्लस्टरमधल्या बल्बचा करंट आणि काट्यांचा करंट बऱ्याचदा एकाच काळ्या वायरीतून बॉडीला जातो. तिथला बोल्ट गंजला किंवा ढिला झाला की दिवसा काट्यांचा थोडासा करंट कसाबसा निघून जातो, पण रात्री बल्बचा करंट वरून आला की तो तिथे अडतो, त्या वायरीवर व्होल्टेज साठतं आणि काट्यांचा हिशोब चुकतो. साईडचा बल्ब चालू-बंद होतो तसे काटे हलतात ते पण याचसाठी. जुन्या गाड्यांत क्लस्टरमध्ये एक छोटा रेग्युलेटर असतो, काट्यांना बॅटरीपेक्षा कमी आणि स्थिर व्होल्टेज देणारा (स्मिथ्सच्या जुन्या मीटरांत हे १० व्होल्ट असायचं), त्याचं अर्थिंग सुटलं तरी दोन्ही काटे सरळ वर जातात, टाकी फुल आणि इंजिन तापलेलं दाखवतात.

आता तपासायचं कसं. साधा स्वस्तातला डिजिटल मल्टिमीटर घ्या, डीसी २० व्होल्टवर ठेवा. काळी पिन बॅटरीच्या मायनसच्या खांबावरच, वायरीच्या क्लॅम्पवर नाही, शिशाच्या खांबावर. लाल पिन क्लस्टरच्या मागच्या कपलरमध्ये (वायरी जोडणाऱ्या प्लास्टिकच्या जोडात) अर्थिंगच्या वायरीला, पाठीमागून अलगद घालायची, वायर सोलायची नाही. चावी ऑन, हेडलाईट ऑन, साईड ऑन. मीटरवर ०.१ व्होल्टच्या आत आकडा आला तर अर्थिंग ठणठणीत, ०.२ पर्यंत चालवून घेता येतं, त्याच्या वर गेलं की बोल्ट शोधायला लागा. माझ्याकडे अशीच एक गाडी आली होती, लाईट बंद असताना जवळजवळ शून्य आणि लाईट लावला की सव्वा व्होल्ट. डॅशच्या खाली ड्रायव्हरच्या बाजूला बॉडीला एक १० नंबरचा बोल्ट होता, त्याच्या खालच्या रिंगवर हिरवा थर आलेला, पितळेच्या भांड्यात ताक कळकतं तसा. बोल्ट काढला, पत्र्याचा रंग खरवडून खाली चकचकीत पत्रा दिसेपर्यंत घासलं, रिंग पॉलिश पेपरने साफ केली, दातेरी वॉशर टाकून आवळला, वरून थोडं पेट्रोलियम जेली लावलं. परत मोजलं तर ०.०४. क्लस्टरला हात पण लावावा लागला नाही.

एक गोष्ट मुद्दाम सांगतो कारण चांगले वायरिंगवाले पण इथे फसतात. अर्थिंग तपासायला मल्टिमीटरचा बीप, म्हणजे वायर जोडलेली आहे का ते सांगणारा आवाज, वापरू नका. वायरीच्या सगळ्या तारा तुटून एकच शिल्लक असली तरी मीटर आनंदाने बीप देतं, कारण तेव्हा तिच्यातून करंट नावालाच जातो. लोड, म्हणजे लाईटसारखी करंट खाणारी वस्तू, चालू ठेवून व्होल्टेज मोजलं तरच खरं कळतं, आणि म्हणूनच लाईट लावूनच मोजा असं वर लिहिलंय.

अर्थिंग नीट निघालं तर मग क्लस्टर काढून मागची छापील सर्किटची पट्टी आणि काट्यांचे नट बघा, त्या नटांमधूनच करंट जातो आणि वर्षानुवर्षं हादरे बसून ते ढिले होतात. हलक्या हाताने आवळा, जास्त आवळलं तर मागचं प्लास्टिक तडकतं. एवढं सगळं करून पण काटे तसेच असतील तर मग क्लस्टरचा विचार करू.

प्रश्न (परभणीहून एक वाचक): माझ्या वॅगन आरचा पेट्रोलचा काटा कायम रिकाम्यावर, टाकी फुल केली तरी. टेम्परेचर, स्पीड सगळं बरोबर दाखवतं. गाडी जुनी आहे. फ्लोट बदलायला टाकी उतरवावी लागेल म्हणतात, खर्च बराच आहे, त्याआधी घरी काही बघता येईल का?

उत्तर: येईल आणि बघाच. इथे एकच काटा खोटा आहे म्हणजे बिघाड तीनच ठिकाणी असू शकतो, टाकीतला फ्लोट, मधली वायर किंवा तो काटा स्वतः. फ्लोटच्या दांड्याला एक सरकता कॉन्टॅक्ट असतो, तो रेझिस्टन्सच्या पट्टीवर घासत जातो. जपानी बनावटीच्या बऱ्याच गाड्यांत टाकी फुल असताना रेझिस्टन्स कमी, चार-पाच ओहमच्या आसपास, आणि रिकामी असताना शंभरच्या वर. काही युरोपियन मीटरांत हे बरोबर उलटं असतं म्हणून स्वतःच्या गाडीची वायरिंग डायग्राम बघितल्याशिवाय निष्कर्ष काढू नका.

टाकीवरचा कपलर काढा, शक्यतो मागच्या सीटखाली झाकण असतं तिथून. त्यात पंपाच्या जाड वायरी पण असतात, त्यांना हात लावायचा नाही, फक्त फ्लोटची बारीक वायर. ती गाडीच्या बाजूची वायर एका छोट्या बल्बमधून बॉडीला टेकवा, चावी ऑन करा आणि काट्याकडे बघा. सरळ तारेने टेकवू नका, बल्ब मध्ये असला की काट्याला झटका बसत नाही. काटा वर चढायला लागला तर काटा आणि वायर दोन्ही चांगले, गुन्हेगार फ्लोट किंवा फ्लोटचं अर्थिंग. काटा ढिम्म राहिला तर हाच प्रयोग क्लस्टरच्या कपलरवर करा, तिथे हलला म्हणजे मधली वायर तुटलीये, तिथे पण नाही हलला तर काटाच गेला. टाकी उतरवायच्या आधी फ्लोटच्या काळ्या वायरीचं अर्थिंग वर सांगितलं तसं नक्की मोजा, मागच्या चाकाजवळचा बोल्ट चिखलात गंजतो आणि लोक नवीन फ्लोट टाकून पण त्याच जागी राहतात.

ज्या गाड्यांत फ्लोटची वायर आधी कंप्युटरला जाते आणि मग काट्याला डिजिटल संदेश येतो तिथे हा बल्बचा प्रयोग करायचा नाही, तिथे गाडीच्या कंप्युटरमधली माहिती वाचणारा स्कॅनर लावून आकडा वाचायचा. आणि पेट्रोलची वाफ जिथे आहे तिथे ठिणगी नको. बल्ब आधी जोडायचा, चावी नंतर ऑन करायची, दारं-खिडक्या उघड्या, आणि टाकीतून काही बाहेर काढायचं असेल तर बॅटरीचा मायनस आधी सोडायचा.

प्रश्न (नाशिकहून एक वाचक): दादा, मी ओम्नी चालवते, शाळेच्या मुलांची ने-आण करते. मागच्या महिन्यात मीटरचे पिवळे बल्ब काढून पांढरे एलईडी बसवून घेतले, छान दिसतं. पण आता चावी ऑन केल्यावर बॅटरीचा लाल दिवा नीट लागत नाही आणि सकाळी गाडी सुरू होताना सेल्फ दमलेला वाटतो. बॅटरी नवीन आहे. या दोन गोष्टींचा संबंध आहे का?

उत्तर: ताई, आहे, आणि फार जवळचा आहे. बऱ्याच जुन्या गाड्यांत तो लाल दिवा नुसता इशारा द्यायला नसतो. चावी ऑन केली की करंट त्या बल्बमधून अल्टरनेटरला जातो आणि त्या थोड्याशा करंटवर अल्टरनेटर जागा होतो, म्हणजे त्याच्या आतलं चुंबक तयार होतं. साधा बल्ब एक-दीड ते तीन वॅटचा असतो, एलईडीतून त्याच्या मानाने अगदीच कमी करंट जातो, मग अल्टरनेटर आयडलवर (गाडी उभी, इंजिन चालू असताना) चार्जिंग सुरूच करत नाही, जोरात एक्सलेटर दिला तर कधी करतो कधी नाही. तुमचं काम थांबत-थांबत चालण्याचं, प्रत्येक स्टॉपवर आयडल, त्यामुळे बॅटरीत जेवढं जातं त्यापेक्षा जास्त निघतं.

आज एवढंच करा, फक्त तो एक बॅटरीचा बल्ब परत साधा टाकून घ्या, मूळ होता त्याच वॅटचा, बाकीचे एलईडी राहू द्या हवे तर. मग मोजा. सकाळी गाडी चालू करायच्या आधी बॅटरीवर १२.६ च्या आसपास पाहिजे, गाडी सुरू झाल्यावर १३.८ ते १४.५ च्या मध्ये. सुरू झाल्यावर पण बारा पॉइंट काहीतरीच दिसत असेल तर चार्जिंग होत नाही. बल्ब बदलून पण तसंच राहिलं तर अल्टरनेटर उतरवावा लागेल. आणि कधी गाडी चालू असताना तो लाल दिवा अगदी मंद लुकलुकत राहिला तर अल्टरनेटरमधल्या डायोडचा (एसीचं डीसी करणाऱ्या भागाचा) संशय घ्या, मल्टिमीटर एसी व्होल्टवर ठेवून बॅटरीवर मोजा, अर्ध्या व्होल्टच्या वर एसी दिसलं तर डायोड गेलाय. मुलं गाडीत असतात म्हणून हे पुढच्या रविवारवर ढकलू नका.

प्रश्न (सोलापूरहून एक वाचक): ब्रेक दाबला की मागचा पार्किंग लाईट मंद होतो आणि साईड दिली तर ब्रेकचा लाईट पण लुकलुकतो. पुढे एका बाजूची साईड भराभर वाजते. दोन्ही एकच बिघाड का?

उत्तर: नाही. मागचं अर्थिंग आहे, टेल लॅम्पच्या होल्डरची काळी वायर साफ करून नीट जोडा. पुढचं म्हणजे त्या बाजूचा एक बल्ब गेलाय किंवा २१ वॅटच्या जागी कमी वॅटचा टाकलाय. दहा मिनिटांचं काम आहे.

प्रश्न (चिपळूणहून एक वाचक): बोलेरो आहे, पावसाळ्यात अंगणात उभी असते. मीटर आणि साईडचा १५ अँपियरचा फ्यूज पंधरा दिवसांत चार वेळा उडाला. शेवटी मेकॅनिकने ३० चा टाकून दिला, आता उडत नाही. पण डॅशच्या आतून थोडा जळका वास येतो. चालवू का गाडी?

उत्तर: चालवू नका. आधी तो फ्यूज काढा, मग पुढचं वाचा. फ्यूज वायरीला वाचवायला असतो. १५ अँपियरच्या हिशोबाची बारीक वायर ३० अँपियरच्या फ्यूजच्या मागे असली की आता वायरच फ्यूज झाली, आणि ती डॅशच्या आत, कार्पेटच्या आत, दहा वायरींच्या जुडग्यात तापतेय, वास येतोय तो तिचाच. एक वायर वितळली की शेजारच्या नऊ घेऊन जाते. निळा फ्यूज म्हणजे १५, हिरवा म्हणजे ३०, त्या खाचेत हिरवा दिसला की काढून टाका, कोणी पण टाकलेला असो.

शॉर्ट शोधायला फ्यूजवर फ्यूज जाळायची गरज नाही. साईडचा २१ वॅटचा जुना बल्ब घ्या, त्याला दोन वायरी डाग देऊन जोडा आणि त्या वायरींची दुसरी टोकं जळलेल्या फ्यूजच्या दोन पायांना. हा फ्यूज त्याच खाचेत बसवा. आता कितीही शॉर्ट असला तरी बल्बमधून पावणेदोन अँपियरच्या वर काही जात नाही, वायर सुरक्षित, आणि बल्ब स्वतःच सांगतो, झगझगीत पेटला तर शॉर्ट आहे, मंद राहिला तर नुसता लोड आहे. चावी ऑन ठेवून त्या फ्यूजवरचा एक-एक कपलर काढत जा, ज्याला काढल्यावर बल्ब एकदम मंद होईल त्या फांदीत शॉर्ट. मग ती वायर हाताने हलवत पुढे-पुढे जायचं, कुठेतरी बल्ब लुकलुकतो, तीच जागा. आणि रिव्हर्स गिअर टाकून नक्की बघा, कारण मीटरच्या फ्यूजवरच रिव्हर्स लाईट असतो अशा गाड्या खूप आहेत आणि गिअरबॉक्सवरच्या स्विचची वायर सायलेन्सरला टेकून वितळते.

चिपळूण आणि अंगणात उभी गाडी म्हटल्यावर उंदीर पहिला बघा. बॉनेट उघडून एअर फिल्टरच्या डब्यात आणि बॅटरीच्या खाली लेंड्या, गवत, प्लास्टिकचे तुकडे दिसतात का. इंजिनकडून डॅशमध्ये जुडगं जातं तिथल्या रबराच्या बुशात आणि ड्रायव्हरच्या पायाजवळच्या कार्पेटखाली वायरी नुसत्या सोललेल्या असतात, तुटलेल्या नसतात, त्यामुळे कोरड्या दिवशी सगळं चालतं आणि ओल आली की फ्यूज उडतो. दुरुस्ती करताना पिळून टेप गुंडाळणं नको, कोकणच्या हवेत तो जोड एका पावसाळ्यात हिरवा होतो. डाग द्या, वर गरम करून आवळणारी स्लीव्ह टाका, आणि एकाच ठिकाणी चार-पाच जोड आले तर ते मागे-पुढे ठेवा म्हणजे एकमेकांना लागणार नाहीत. आधीच वितळलेली वायर मात्र जोडायची नाही, पूर्ण बदलायची, त्याच जाडीची.

प्रश्न (पुण्याहून एक वाचक): २०२१ ची गाडी आहे. कधी कधी सेल्फ मारताना सगळे दिवे एकदम लागतात, एबीएस, स्टिअरिंग, एअरबॅग, काटे शून्यावर पडून परत येतात, घड्याळ पण रिसेट होतं. मध्ये एकदा बाहेरच्या माणसाकडून डॅशकॅम आणि जीपीएस ट्रॅकर लावून घेतलाय. क्लस्टर गेला का? नवीन क्लस्टरची किंमत ऐकून झोप उडाली.

उत्तर: एवढे सगळे दिवे एकदम लागले म्हणजे एवढ्या सगळ्या वस्तू एकदम बिघडल्या असं नाही, त्या सगळ्यांना पुरेसं व्होल्टेज मिळालं नाही एवढाच अर्थ घ्या आधी. बॅटरी मूळचीच असेल तर तिचं वय झालंय. कोणाला तरी सेल्फ मारायला सांगा आणि त्या वेळी बॅटरीच्या खांबांवर मोजा, ९.६ च्या खाली गेलं तर बॅटरी टेस्ट करून घ्या. खांबावर ठीक आणि क्लॅम्पवर कमी दिसलं तर क्लॅम्प साफ करून आवळा, बिलातले बरेच पैसे तिथेच वाचतात.

ते ठीक निघालं तर ट्रॅकर आणि डॅशकॅम दोन्ही पूर्ण काढून आठवडाभर गाडी चालवा. ट्रॅकर स्टिअरिंगखालच्या ओबीडी सॉकेटमध्ये (जिथे स्कॅनर लावतात तिथे) असेल तर तो गाडीच्या कॅन लाईनवर, म्हणजे कंप्युटरांच्या बोलण्याच्या वायरींवर, बसलाय, आणि तिथे एक वाईट जोड पुरेसा होतो. नवीन गाड्यांत क्लस्टर, इंजिन, एबीएस हे सगळे एकमेकांत पीळ दिलेल्या दोन वायरींवरून बोलतात. बॅटरीचा मायनस सोडून थोडं थांबून ओबीडी सॉकेटच्या ६ आणि १४ नंबरच्या पिनांमध्ये ओहम मोजले तर बऱ्याच गाड्यांत ६० च्या आसपास येतात, कारण लाईनच्या दोन टोकांना १२०-१२० चे रेझिस्टन्स असतात. १२० आले तर एका टोकाशी संबंध तुटलाय, शून्याजवळ आले तर दोन वायरी एकमेकींना लागल्यात. काही गाड्यांत मध्ये गेटवे, म्हणजे संदेश पुढे पोचवणारा छोटा कंप्युटर, असतो, तिथे हा आकडा वेगळा येतो, तेव्हा स्कॅनरवरच विसंबा. स्कॅनरवर यू ने सुरू होणारे कोड आले, यू ०१०० किंवा यू ०१५५ असे, तर ते संपर्क तुटल्याचे कोड आहेत. यू ०१५५ म्हणजे क्लस्टरशी बोलणं तुटलं, क्लस्टर जळला असं नाही, त्याचा प्लस किंवा अर्थिंग सुटलं तरी हाच कोड येतो.

दोन गोष्टी मात्र घरी करू नका. या वायरींना बल्बचा टेस्ट लॅम्प लावायचा नाही, त्यांच्यावरचं मॉड्यूल (छोटा कंप्युटर) जाऊ शकतं. आणि पिवळ्या रंगाचे कपलर किंवा पिवळ्या स्लीव्हमधल्या वायरी एअरबॅगच्या असतात, तिथे मल्टिमीटर पण लावायचा नाही, ते काम सर्व्हिस सेंटरचं.

प्रश्न (सावंतवाडीहून एक वाचक): घाट चढताना टेम्परेचरचा काटा एकदम एच ला जातो आणि थोड्या वेळाने एकदम खाली सी ला पडतो. मग बरं वाटतं. मित्र म्हणतो लूज कॉन्टॅक्ट आहे, वायर हलव.

उत्तर: कृपा करून वायर हलवायच्या आधी पाणी बघा, म्हणजे कूलंट, आणि ते पण इंजिन पूर्ण गार झाल्यावर, गरम रेडिएटरचं झाकण उघडायचं नाही. लूज कॉन्टॅक्टनं असं होऊ शकतं हे खरं, बऱ्याच गाड्यांत सेन्सरची वायर सुटली की काटा सी ला पडतो. पण सेन्सर पाण्यात बुडालेला असेल तरच खरं तापमान सांगतो. पाणी कमी झालं की तो उघडा पडतो आणि इंजिन उकळत असताना काटा खाली येतो. तुम्हाला बरं वाटतं तेव्हाच हेड गॅस्केट, म्हणजे इंजिनच्या हेडखालचं सील, जात असतं. आंबोलीचा घाट असो की कुठलाही, काटा वर जाऊन अचानक पडला तर गाडी बाजूला घेऊन बंद करायची.

पाणी पूर्ण आहे, गळती नाही, फॅन वेळेवर लागतो, पंप ठीक आहे, हे सगळं झाल्यावर मग वायरीकडे वळा. सेन्सरचा कपलर काढून आत हिरवं झालंय का बघा, आणि कपलरपासून हातभर वायर इंजिन चालू असताना हलवून बघा, काटा हलला तर मित्राचं बरोबर. फक्त पंख्यापासून हात आणि शर्टाची बाही लांब ठेवा, इलेक्ट्रिक फॅन बऱ्याच गाड्यांत चावी बंद असताना पण लागतो.